नॉर्वेमध्ये वर्षभर बर्फच असतो का? तिथला भूगोल आणि हवामान नेमकं कसं आहे?

नाही, वर्षभर बर्फ नसतो. मी राहतो त्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बर्गनमध्ये तर बर्फ पडला की लोक त्याच दिवशी मुलांना घसरगाडी घेऊन बाहेर काढतात, कारण उद्या पाऊस येऊन तो धुऊन नेणार हे सगळ्यांना ठाऊक असतं.

तुम्ही तपशिलात लिहिलंय की मुलीला बर्गनच्या विद्यापीठात प्रवेश मिळालाय, ऑगस्टमध्ये निघायचंय, नकाशात नॉर्वे थेट ग्रीनलंडच्या रांगेत दिसतो आणि घरात सगळे उणे तीसच्या गोष्टी करताहेत. उणे तीस नॉर्वेत आहे, अगदी उणे पन्नासही आहे. पण ते बर्गनच्या वाट्याला येत नाही. का येत नाही, हे कळलं की या देशाचा अर्धा भूगोल कळला.

शाळेत आपण शिकतो की विषुववृत्तापासून जितकं लांब तितकी थंडी. नॉर्वेत हा हिशेब फारसा चालत नाही. इथं एखाद्या गावाचं हवामान ओळखायचं तर ते किती उत्तरेला आहे हे नंतर बघा. समुद्रापासून किती आत आहे आणि डोंगराच्या कुठल्या अंगाला आहे, हे आधी बघा. देश उभा आहे म्हणून आपण तो वरून खाली वाचतो. तो डावीकडून उजवीकडे वाचावा लागतो.

आकार आधी डोळ्यांपुढे आणा. मुख्य भूमीचं क्षेत्रफळ सुमारे ३ लाख २४ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्रापेक्षा थोडंसंच जास्त. लोकसंख्या मात्र ५५ लाखांच्या आसपास. ही एवढी जमीन ५८ ते ७१ अंश उत्तर अक्षांशांमध्ये पट्टीसारखी ताणलेली आहे. दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत सरळ रेषेत सुमारे १,७५० किलोमीटर. रुंदी म्हणाल तर उत्तरेत ट्यूसफियॉर्डजवळ फियॉर्डच्या, म्हणजे जमिनीत खोल शिरलेल्या समुद्राच्या अरुंद फाट्याच्या, टोकापासून स्वीडनची हद्द अवघ्या सहा-साडेसहा किलोमीटरवर आहे, सकाळी चालत निघालात तर जेवणाआधी देश ओलांडून व्हाल. किनारा इतका फाटलेला आहे की खाचाखोचा आणि बेटं धरून मोजला तर लांबी एक लाख किलोमीटरच्या पुढे जाते. शेतीलायक जमीन जेमतेम तीन टक्के. बाकी डोंगर, पठार, जंगल, तळी, हिमनद्या. सर्वांत उंच शिखर गाल्हेपिग्गेन, २,४६९ मीटर. हिमालय बघितलेल्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण इथं डोंगर समुद्रातूनच उभे राहतात, त्यामुळे पूर्ण उंची अंगावर येते.

आता थंडीचं गणित. बर्गन ६० अंशांवर आहे. याच अक्षांशावर ग्रीनलंडचं दक्षिण टोक आहे आणि रशियाच्या पूर्व किनाऱ्यावरचं मागादान आहे. मागादानचं जानेवारीचं सरासरी तापमान उणे १५च्या खाली असतं. बर्गनचं शून्याच्या वर, दीड-दोन अंश. अक्षांश एक, समुद्रकिनारा दोघांनाही, आणि फरक सतरा-अठरा अंशांचा. कारण मागादानवर हिवाळ्यात वारा येतो तो सैबेरियाच्या गोठलेल्या जमिनीवरून, आणि बर्गनवर येतो तो अटलांटिकवरून. अटलांटिक या भागात नको तितका उबदार आहे. गल्फ स्ट्रीम या उबदार सागरी प्रवाहाची पुढची शाखा उत्तर अटलांटिक प्रवाह म्हणून ईशान्येला सरकते आणि नॉर्वेच्या किनाऱ्याला धरून थेट बॅरेंट्स समुद्रापर्यंत जाते. सगळं श्रेय एकट्या गल्फ स्ट्रीमला द्यायची पद्धत आहे, पण समुद्राने उन्हाळाभर साठवलेली उष्णता हिवाळ्यात सोडणं आणि नैऋत्येच्या वाऱ्यांनी ती जमिनीवर आणणं, हेही तितकंच महत्त्वाचं आहे. कुणाचा वाटा किती यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद आहे. आपल्याला एवढं पुरे की नॉर्वेची बंदरं हिवाळ्यात गोठत नाहीत.

हे किती मोठं प्रकरण आहे ते नारविकवरून कळतं. नारविक ध्रुववृत्ताच्याही उत्तरेला, ६८ अंशांवर. स्वीडनमधल्या किरुनाच्या खाणीतलं लोखंडाचं खनिज परदेशी पाठवायचं, तर स्वीडनचं स्वतःचं लुलिओ बंदर त्यापेक्षा दक्षिणेला आहे. पण ते बोथनियाच्या आखातात, जिथे हिवाळ्यात पाणी गोठतं. म्हणून डोंगर फोडून नारविकपर्यंत रेल्वे आणली आणि १९०२-०३ पासून स्वीडनचं खनिज नॉर्वेच्या बंदरातून बारा महिने जाऊ लागलं. १९४० साली जर्मनी आणि ब्रिटन या आडगावासाठी भिडले त्यामागे हे खनिजही होतं आणि हे न गोठणारं पाणीही.

थंडी समुद्राने थोपवली, पण त्याची किंमत पावसात मोजावी लागते. इथं महाराष्ट्रातल्या माणसाला वेगळं समजावून सांगायची गरज नाही. नैऋत्येचा ओला वारा सह्याद्रीला आपटतो, महाबळेश्वर पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस घेतं आणि पलीकडे माणदेशात पाचशे मिलिमीटर झाला तर शेतकरी वर्ष चांगलं गेलं म्हणतो. नॉर्वेत हेच नाटक, पात्रंही तीच: नैऋत्येचा वारा, उत्तर-दक्षिण डोंगररांग, पश्चिमेला चिंचोळी किनारपट्टी, पूर्वेला पर्जन्यछाया. फरक एवढाच की आपला वारा चार महिन्यांचा पाहुणा आहे, इथला बारा महिने मुक्कामाला असतो.

बर्गनला वर्षाला सव्वादोन ते अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, डोंगरापलीकडच्या राजधानी ऑस्लोला आठशेच्या आसपास. बर्गनभोवती सात डोंगर आहेत असं गावकरी अभिमानाने सांगतात. ढग अडवण्याचं काम तेच करतात. २९ ऑक्टोबर २००६ पासून सलग ८५ दिवस इथं रोज पाऊस झाला होता. पण आकडे ऐकून मुंबईची २६ जुलै डोळ्यांपुढे आणू नका. बर्गनचा पाऊस मुसळधार क्वचितच असतो. तो रिपरिपतो, थांबल्यासारखं करतो, बाजूने येतो, कधी खालून आल्यासारखाही वाटतो. दिवसभर भिजूनही तुम्ही नेमके कधी भिजलात ते सांगता येत नाही.

याच पावसाने एक चांगलं काम केलं. १९१७ मध्ये विल्हेल्म ब्येर्कनेस नावाचा भौतिकशास्त्रज्ञ लाइपझिग सोडून बर्गनला आला. महायुद्ध चालू, परदेशांतून हवामानाच्या तारा येणं बंद, आणि शेतकरी-मच्छीमारांना अंदाज तर हवा. त्याने पश्चिम किनाऱ्यावर निरीक्षण केंद्रांचं दाट जाळं विणलं आणि त्याच्या मंडळींनी, त्यात त्याचा मुलगा याकोबही होता, त्या नोंदींवरून शोधून काढलं की पाऊस उबदार आणि थंड हवेच्या सीमारेषेवर तयार होतो. युद्धाचे दिवस होते, म्हणून त्या रेषेला त्यांनी रणांगणावरचा शब्द दिला: फ्रंट, म्हणजे आघाडी. आज जगभरातल्या हवामानाच्या नकाशांवर दात आणि अर्धगोल लावलेल्या रेषा दिसतात त्या इथल्या. पावसाला कंटाळलेल्या गावातच हे सुचायचं!

पर्जन्यछायेचं उत्तम उदाहरण बघायचं तर सोग्नेफियॉर्ड बघा. समुद्राचा हा फाटा जमिनीत सुमारे २०० किलोमीटर आत घुसला आहे आणि सर्वांत खोल जागी १,३०० मीटरपेक्षा खोल आहे. ही दरी पाण्याने नव्हे, हिमनदीने कोरली. हिमयुगात इथं दोन-तीन किलोमीटर जाडीचा बर्फ होता. तो जुन्या नदीच्या दरीतून सरकत तळ खरवडत गेला. किनाऱ्याशी पोचल्यावर बर्फ पसरला, पातळ झाला, त्याचा जोर संपला. म्हणून फियॉर्ड आत अफाट खोल आणि मुखाशी मात्र तुलनेने उथळ असतो. बर्फ वितळला, समुद्र आत शिरला.

तर या एकाच फियॉर्डच्या मुखाकडच्या ब्रेक्के गावात वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि आतल्या टोकाच्या लॅरदालमध्ये पाचशेच्या आसपास. लॅरदालचे बटाटे नावाजलेले आहेत आणि त्यांना पाणी पाजावं लागतं. जानेवारी २०१४ मध्ये लॅरदालमध्ये कोरड्या हवेत आणि सोसाट्याच्या वाऱ्यात आग लागून एका रात्रीत चाळीसएक इमारती जळाल्या. जानेवारीत, नॉर्वेत, फियॉर्डच्या काठावर वणव्यासारखी आग! ढग वाटेतच रिकामे झालेले असतात, ते लॅरदालला पोचतात ते नुसते नावाला.

डोंगर ओलांडून आणखी पूर्वेला गेलात की श्यॉक लागतं. तिथली सरासरी २७८ मिलिमीटर. म्हणजे माणदेशापेक्षाही कमी. श्यॉक, लोम, वोगो या खोऱ्यांत शेतकरी शेकडो वर्षं ओंडके पोखरून केलेल्या लाकडी पाटांनी डोंगरातल्या ओढ्यांचं पाणी शेतात आणत होते. आता तुषार सिंचन आहे. तरी ते गाव वाळवंट दिसत नाही. थंडीमुळे बाष्पीभवन कमी, आणि वरचा बर्फ नेमका वाढीच्या दिवसांत वितळून ओढ्यांना येतो. आपल्याकडे कुणी असा बर्फ साठवून ठेवला असता तर चारा छावण्या लागल्या नसत्या.

मुलीला पहिल्या सुट्टीत एक गोष्ट करायला सांगा: बर्गन-ऑस्लो रेल्वेने जायला. १९०९ साली सुरू झालेली ही लाइन, साडेसहा-सात तासांचा प्रवास. फेब्रुवारीत बर्गनला भिजत गाडीत चढावं. व्हॉसपर्यंत ओला हिरवा-करडा रंग. मग चढण, बोगदे, बर्फ रुळांवर साठू नये म्हणून बांधलेल्या लाकडी छपरांमधून गाडी जाते, आणि फिन्से येतं: १,२२२ मीटर, या लाइनवरचं सर्वांत उंच स्टेशन. इथं मोटारीचा रस्ताच पोचत नाही. खिडकीबाहेर जमीन आणि आकाश वेगळं काढता येत नाही. फलाटावर स्की घेतलेली माणसं उतरतात आणि दहा पावलांत दिसेनाशी होतात. पुढे उतार लागला की बर्फाची जात बदलते. पश्चिमेचा ओला, जड, मळकट. पूर्वेचा कोरडा, पिठासारखा, आणि त्यावर चक्क ऊन. वाटेत नेसब्युएन लागतं. देशातलं आजवरचं सर्वाधिक तापमान, ३५.६ अंश, २० जून १९७० रोजी याच गावात नोंदलं गेलं. हिवाळ्यात हेच गाव उणे तीसच्या खाली जातं. समुद्रापासून तुटलेली जमीन लवकर तापते, लवकर निवते. शिवाय थंड हवा जड, ती रात्री डोंगरउतारांवरून ओघळून दरीच्या तळाशी साचते. त्यामुळे हिवाळ्यात कित्येकदा वरच्या वाडीवर उणे दहा आणि खाली गावात उणे पंचवीस असं उलटं चित्र दिसतं.

तुमच्या घरच्यांचं उणे तीस राहतं ते इथं, आणि त्याहून जास्त अगदी उत्तरेतल्या फिन्मार्कच्या पठारावर. तिथल्या कारास्योकला १ जानेवारी १८८६ रोजी उणे ५१.४ अंशांची नोंद झाली, तो विक्रम अजून मोडलेला नाही. सामी या उत्तरेतल्या मूळ रहिवाशांचं रेनडियर पालन पूर्ण या किनारा-अंतर्भाग फरकावर बसवलेलं आहे. आपल्याला वाटेल हिवाळ्यात कळप उबदार किनाऱ्याकडे न्यावा. ते उलट करतात. किनाऱ्यावर हिवाळ्यात बर्फ वितळतो, पुन्हा गोठतो आणि जमिनीवर काचेसारखा थर बसतो. जनावरांना त्याखालचं दगडफूल खणून काढता येत नाही. आत कडाका असतो पण बर्फ कोरडा, मोकळा, खुराने उकरता येतो. म्हणून हिवाळा आत आणि उन्हाळा किनाऱ्यावर.

लोफोतेन बेटांची गंमत आणखी वेगळी. ध्रुववृत्ताच्या वर असूनही तिथं, त्यातही रोस्ट बेटावर, हिवाळ्यातलं सरासरी तापमान शून्याच्या आसपास किंवा किंचित वर राहतं. जानेवारी ते एप्रिल बॅरेंट्स समुद्रातून कॉड मासा अंडी घालायला इथं येतो. तो साफ करून, शेपट्यांना जोडीजोडीने बांधून लाकडी मांडवांवर टांगतात आणि मे-जूनपर्यंत तसाच ठेवतात. मीठ नाही, धूर नाही. थंडी जास्त असती तर मासा गोठून त्याचा भुसा झाला असता, कमी असती तर माश्या बसून सडला असता. शून्याच्या आगेमागे रेंगाळणारा तो वारा हाच इथला मसाला. १४३२ मध्ये व्हेनिसचा पिएत्रो क्वेरिनी जहाज फुटून रोस्टला लागला, त्याने हा सुका मासा पाहून लिहून ठेवलं. आणि आजही इटली हे याचं मोठं गिऱ्हाईक आहे. माशांची डोकी नायजेरियात जातात.

उजेडाबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण माझ्या मते थंडीपेक्षा मोठा प्रश्न तोच आहे. ट्रोम्सोला साधारण २७ नोव्हेंबर ते १५ जानेवारी सूर्य क्षितिजावर येत नाही आणि २० मे ते २२ जुलै मावळत नाही. त्या अंधारात दुपारी दोन-तीन तास निळसर संधिप्रकाश असतो, खाली बर्फ असतो, तो उजेड परतवतो. लोक स्की करतात, उत्तर प्रकाश बघतात. बर्गनला सूर्य रोज उगवतो, डिसेंबरात पावणेदहाला येऊन साडेतीनला जातो, पण ढगांमागे तो आहे की नाही हे कागदावरच कळतं. जमीन काळी, डांबर ओलं, उजेड परतवणारं काही नाही. मला विचाराल तर बर्गनचा नोव्हेंबर ट्रोम्सोच्या डिसेंबरपेक्षा जड जातो. इथली मंडळी थंडीभर सकाळी चमचाभर कॉड माशाचं तेल घेतात ते ड जीवनसत्त्वासाठी. चव भयंकर आहे, गोळ्याही मिळतात.

डोंगर उजेडही अडवतो. रयुकान हे गाव इतक्या अरुंद दरीत आहे की सप्टेंबरअखेर ते मार्च तिथं ऊन पोचतच नाही. १९११ साली जवळच्या धबधब्यावर वेमोर्कचं जलविद्युत केंद्र उभं राहिलं, कारखाना आला, त्याबरोबर माणसं आली. १९२८ मध्ये लोकांना ऊन खायला वर नेण्यासाठी तारेवरचा पाळणा बांधला. २०१३ मध्ये डोंगरावर सूर्याबरोबर फिरणारे तीन मोठे आरसे बसवले. ते गावच्या चौकात सुमारे ६०० चौरस मीटरचा उन्हाचा तुकडा पाडतात आणि लोक त्यात खुर्च्या टाकून बसतात. पाऊस, बर्फ आणि उंची यांचं जे गणित त्या दरीला अंधारात ठेवतं, त्याच गणितावर देशाची नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज पाण्यापासून होते.

धोक्यांबद्दल थोडक्यात. उभे कडे कधीतरी कोसळतात. १९३४ मध्ये ताफियॉर्डमध्ये कडा पाण्यात पडून उठलेल्या लाटेने ४० माणसं गेली. ऑस्लोच्या बाजूची सपाट, सुपीक जमीन हिमयुगाच्या शेवटी समुद्राखाली होती. बर्फाचं ओझं उतरल्यावर ती वर आली, तिच्या मातीतलं मीठ पावसाने धुतलं गेलं आणि ती चिकणमाती हादरली की क्षणात पातळ होते. डिसेंबर २०२० मध्ये येरद्रुममध्ये अशीच जमीन सरकून दहा जण दगावले. स्वालबार्ड हा नॉर्वेचा बेटसमूह वेगळाच विषय आहे, ७८ अंश उत्तर, गोठलेली जमीन, जगभरच्या पिकांचं बियाणं जपून ठेवणारा जागतिक बियाणं साठा. तिथं तापमान झपाट्याने वाढतंय. २०१६च्या ऑक्टोबरात वितळलेलं पाणी त्या साठ्याच्या बोगद्यात शिरलं होतं, बियाणं वाचलं.

आता मुलीच्या कामाचं. ऑगस्टमध्ये बर्गनला १३-१८ अंश असतील, थंडीचे महिने नाहीत. सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत सर्वांत जास्त पाऊस. पुण्याहून जाड कोट, मफलर, कानटोप्या यांनी बॅग भरू नका. आतून लोकरीचे पातळ कपडे आणि वरून चांगला रेनकोट-पँट, एवढंच सूत्र, आणि दोन्ही इथंच घ्यावं. विद्यार्थी फिन नावाच्या संकेतस्थळावर वापरलेले स्वस्तात घेतात. छत्री आणली तर पहिल्या आठवड्यात उलटी होऊन कचरापेटीत जाईल. तापमान शून्याच्या वर-खाली होतं तेव्हा रस्त्यावर पारदर्शक बर्फ बसतो आणि बर्गन सगळं चढउतारांचं, तेव्हा बुटांवर चढवायचे खिळ्यांचे पट्टे घ्यायला लावा. जॅकेटला चमकणारी पट्टी लटकवायची, साडेतीननंतर मोटारवाल्याला माणूस दिसायला हवा. घरं आतून उबदार असतात, ती काळजी नको.

तुम्ही दोघं भेटायला येणार असाल तर मेचा दुसरा पंधरवडा धरा. एप्रिल ते जून इथले त्यातल्या त्यात कोरडे महिने, दिवस अठरा तासांचा, आणि हार्दांगर फियॉर्डच्या काठाने सफरचंद-चेरीच्या बागा फुलावर असतात. ऑक्टोबरचं तिकीट कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.